पाऊस कोणी पाडला?

पुण्यात रात्रभर पाऊस कोसळला की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पक्ष हमखास तयार असतात. एका पक्षाच्या फोनमध्ये नकाशा असतो. कोथरूडपासून हडपसरपर्यंत पसरलेला लालभडक डाग, त्यावर कुणीतरी बोटाने ओढलेला पिवळा बाण आणि खाली 'हा पाऊस नैसर्गिक वाटतो का? जागे व्हा' असा सवाल. दुसरा पक्ष तो नकाशा उघडतही नाही. 'व्हॉट्सॲप विद्यापीठ' एवढं लिहिलं, हसणारी दोन पिवळी तोंडं चिकटवली, की त्याच्या लेखी विषय मिटला. मे २०२५ मध्ये भर उन्हाळ्यात पावसाने मुक्काम ठोकला तेव्हा हेच झालं, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाही हेच. दोन्ही पक्षांत डॉक्टर, इंजिनिअर, निवृत्त बँक अधिकारी असे चांगले शिकलेले लोक असतात. त्यामुळे अडाणीपणाच्या नावावर बिल फाडायचीही सोय नाही.

माझी दोघांबद्दलही तक्रार आहे, पण सारखी नाही. उपग्रहाच्या नकाशात शस्त्रांचे ठसे शोधणाऱ्यांचं म्हणणं चूक आहे, आणि थोडंथोडकं नाही, पार चूक आहे. मात्र हसणाऱ्यांनी ते चूक ठरवलेलं नाही. त्यांनी फक्त हसून घेतलंय. भांडण चाललंय ते 'माणसाला पाऊस पाडता येतो की नाही' यावर. या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा पहिल्याच पुराव्यासरशी तोंडघशी पडतो आणि 'हो' म्हणणारा त्या एका 'हो'च्या जोरावर सगळं जग गुप्त यंत्रणेच्या हवाली करतो. विचारायला हवं ते वेगळंच: किती? किती पाऊस, किती जागेवर, किती ऊर्जा ओतून? हा प्रश्न लावून धरला तर कटाची गोष्ट दोन गणितांपलीकडे टिकत नाही.

आधी हसणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांचा आत्मविश्वास जास्त आहे. ढगात रसायनं फवारून पाऊस पाडायचा प्रयत्न ही कविकल्पना नाही. नोव्हेंबर १९४६ मध्ये व्हिन्सेंट शेफर या अमेरिकन संशोधकाने विमानातून ढगावर शुष्क बर्फ टाकून त्यात हिमकण तयार करून दाखवले. त्यानंतर वीसेक वर्षांतच लष्कराने त्याचा वापर केला. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनाम युद्धात हो ची मिन्ह मार्गावर अडीच हजारांहून जास्त फेऱ्या मारून ढगांत फवारणी केली. पावसाळा लांबावा, रस्त्यांचा चिखल व्हावा, शत्रूची रसद अडकावी हा हेतू. 'ऑपरेशन पोपाय' असं या मोहिमेचं नाव. ती गुप्त होती आणि सरकारने ती लपवली होती. पुढे १९७७ मध्ये हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. जे अस्तित्वातच नाही त्यावर बंदी कोण घालतं, असा प्रश्न नकाशावाल्याने विचारला तर हसणाऱ्याकडे उत्तर काय आहे?

आणि व्हिएतनामपर्यंत तरी कशाला जायचं? काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७३ ते १९८६ या काळातले अकरा पावसाळे बारामती-नगरच्या टापूत ढगांमध्ये मिठाची पूड फवारून निरीक्षणं केली. २००९ पासून याच संस्थेने मोठा नवा प्रयोग हाती घेतला आणि त्याचा शेवटचा टप्पा सोलापूरच्या आकाशात पार पडला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने दोन हजार कोटींच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी दिली. त्यात पाऊस वाढवण्याचं वा रोखण्याचं संशोधनही आहे, आणि त्यासाठी ढग कृत्रिमरीत्या निर्माण करून तपासायची प्रयोगशाळा पुण्यातच व्हायची आहे. म्हणजे 'असलं काही नसतंच' हे वाक्य देशात इतर कुठेही खपून जाईल, पुण्यात बसून म्हणता येत नाही.

सरकार उपग्रहाची माहिती दडवतं, हा आरोपही सरसकट हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडमधलं जोशीमठ खचत होतं. इस्रोच्या केंद्राने उपग्रहांच्या मोजणीवरून जाहीर केलं की बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खाली गेली. बातमी देशभर गेली आणि एकदोन दिवसांत तो अहवाल संकेतस्थळावरून गायब. सरकारी संस्थांना परस्पर माहिती देऊ नका असं बजावण्यात आलं. लोकांच्या घरांना तडे गेलेले असताना केलेला हा उद्योग. असं वागल्यावर पुढच्या वेळी 'नकाशात काही लपवलेलं नाही' म्हणून कुणाला सांगायचं?

एवढं सगळं मान्य केल्यावर आता हिशेबाला बसू.

सोलापूरच्या प्रयोगात २७६ ढग निवडले होते. काहींवर फवारणी केली, काहींवर मुद्दाम केली नाही, आणि कुठल्या ढगाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे कुणाच्या मनासारखा निकाल लावायची सोय नाही. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फवारणीच्या ठिकाणी काही जागी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला, पण वाऱ्याच्या दिशेने पसरलेल्या शंभर चौरस किलोमीटरचा विचार केला तर सरासरी वाढ १८ टक्क्यांची. तीही योग्य ढग हेरून, योग्य उंचीवर, योग्य वेळी विमान नेल्यावर. एका दशकाची मेहनत, रडार, विमानं, शास्त्रज्ञांची फौज, आणि पदरात काय, तर शंभरच्या जागी एकशेअठरा.

आता २५ जुलै २०२४ घ्या. त्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. समजा, कुणीतरी खरंच रात्री विमान उडवलं होतं आणि सोलापूरइतकंच यश पुण्याच्या डोक्यावर मिळवलं होतं. तर विमान उडालं नसतं तेव्हा किती पाऊस झाला असता? साधारण ९७ मिलिमीटर. सतरा मिलिमीटर कमी पावसाने सिंहगड रस्ता कोरडा राहिला असता का? त्याच चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशेच्या घरात पाऊस झाला. ताम्हिणीच्या त्या पावसाबद्दल बाण ओढलेला नकाशा काही फिरला नाही. तिथे पार्किंगमध्ये गाड्या तरंगत नव्हत्या ना.

दुसरं गणित ऊर्जेचं. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, किलोला सुमारे २५ लाख ज्यूल. पुणे महापालिकेची हद्द आता पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या जागेवर ११४ मिलिमीटर पाऊस पडला असं धरलं, तर त्या पाण्याची वाफेपासून थेंब होईपर्यंत जी उष्णता मोकळी झाली ती केवढी? कोयनेचा १,९६० मेगावॉटचा सगळा वीजप्रकल्प पूर्ण क्षमतेने, रात्रंदिवस, एक मिनिटही न थांबता सव्वादोन वर्षांहून जास्त चालवावा लागेल, तेव्हा कुठे तेवढी ऊर्जा तयार होईल. एका शहरावर एका दिवसात पडलेल्या पावसाची ही गोष्ट आहे. सबंध मोसमी वाऱ्यांची नाही.

या मोजमापाला कटवाल्यांचं लाडकं यंत्र लावून बघा. अलास्कात गाकोना इथे आकाशात रेडिओलहरी सोडणारं 'हार्प' नावाचं केंद्र आहे. १८० खांबांचं अँटेनांचं रान, दिसायला गूढ, फोटोत तर फारच. भूकंपापासून ढगफुटीपर्यंत सगळं त्याच्या माथी मारतात. त्याची प्रक्षेपणक्षमता ३.६ मेगावॉट. पुण्याच्या त्या एका दिवसाच्या पावसाइतकी ऊर्जा ओतायला हे यंत्र अखंड साडेबाराशे वर्षं चालू ठेवावं लागेल, म्हणजे वेरूळचं कैलास लेणं खोदलं जात होतं तेव्हा बटण दाबायला हवं होतं. आणि हेही सगळी ऊर्जा ढगातच मुरते असं उदार मनाने धरून. प्रत्यक्षात त्या लहरी खालच्या हवेत मुरतच नाहीत. त्यांचं काम चालतं ऐंशी किलोमीटरच्या वर, आणि आपले ढग सोळा-सतरा किलोमीटरच्या आत आटोपतात. २०१५ पासून ते केंद्र अलास्का विद्यापीठाकडे आहे आणि लोकांना आत नेऊन दाखवण्याचे दिवसही ठेवले जातात.

इथे समोरचा हुशार असेल तर खरा मुद्दा काढतो, आणि तो मुद्दा चांगला आहे. तो म्हणतो, ऊर्जा ओतायची गरजच काय? गवताची गंजी पेटवायला काडी पुरते. ढगात ऊर्जा भरलेली असतेच, तुम्ही फक्त कळ दाबायची. बरोबर. फवारणीचं शास्त्र याच तत्त्वावर उभं आहे. पण काडी लावायला आधी गंजी लागते, आणि ती वाळलेली लागते. ढग हवा, त्यात पुरेसं बाष्प हवं, आणि असा ढग बहुतेकदा कुणी न सांगता बरसायच्या बेतात असतोच. म्हणूनच वाढ अठरा टक्क्यांची दिसते, अठराशे टक्क्यांची दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत हे सगळ्यांच्या देखत झालं. धुरक्याने गुदमरलेल्या शहरावर पाऊस पाडायचा म्हणून सरकारने गाजावाजा करून विमान उडवलं. कानपूरच्या आयआयटीची माणसं, कोट्यवधींचा खर्च, कॅमेरे तयार. ढगांत बाष्प होतं दहा-पंधरा टक्के. दिल्ली कोरडी राहिली आणि नोएडाकडे नोंद झाली ०.१-०.२ मिलिमीटरची, म्हणजे छपराचे पत्रेही ओले होणार नाहीत इतकी. आता मला सांगा, ज्यांना सगळी सत्ता, पैसा आणि परवानगी हाताशी असताना, जाहीर करून, राजधानीवर एक सर पाडता आली नाही, त्यांनीच गुपचूप पुण्यावर शंभर मिलिमीटर पाडले?

याच्या उलटा प्रयोगही होऊन गेलाय. वादळ अंगावर येऊ नये म्हणून अमेरिकेने १९६२ ते १९८३ अशी एकवीस वर्षं 'स्टॉर्मफ्युरी' नावाचा प्रकल्प चालवला. चार चक्रीवादळांवर फवारणी केली. शेवटी लक्षात आलं की फवारणीचा परिणाम म्हणून जे बदल मोजले, ते फवारणी न केलेल्या वादळांतही आपोआप होतात. प्रकल्प गुंडाळला. चक्रीवादळ लगामात ठेवता आलं असतं तर दरवर्षी अब्जावधी डॉलरचं नुकसान सोसणाऱ्या देशाने ती विद्या फक्त सिंहगड रस्त्यासाठी राखून ठेवली असती?

दुबईचं उदाहरणही नेहमी येतं. १६ एप्रिल २०२४ ला तिथे प्रलय झाला, अल ऐनजवळ एका दिवसात अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, आणि तो देश ढगांत फवारणी करतो हे जगजाहीर आहे, म्हणून दोन्हीची गाठ मारून मोकळे. पण त्याच वादळाने शेजारच्या ओमानमध्ये आधी माणसं मारली, आणि हवामानाची मॉडेलं काही दिवस आधीपासून त्या पावसाची वर्दी देत होती. विमान उडायच्या आधीच जो पाऊस संगणकाला दिसतो, तो विमानाने पाडला असं म्हणताना निदान थोडा संकोच वाटायला हवा. पुण्याच्या मे २०२५ मधल्या पावसाचंही तेच. मोसमी पाऊस केरळात २७ मेच्या आसपास, चार दिवस मागेपुढे, पोहोचेल असं हवामान खात्याने १० मेलाच सांगितलं होतं. तो २४ ला पोहोचला आणि २६ ला पुण्या-मुंबईत. पुणेकराचा मला सगळ्यात आवडणारा अंतर्विरोध इथेच सापडतो. वेधशाळेने ऊन सांगितलं की छत्री घ्यावी, हा विनोद आपण आजोबांपासून ऐकत आलोय. सिमला ऑफिसला, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेत, ज्यांना उद्याचा पाऊस सांगता येत नाही म्हणून आपण टाळ्या देतो, त्यांनाच तो पाडता मात्र येतो?

आता त्या लाल डागाकडे येतो, कारण खरी फसगत तिथे आहे आणि ती प्रामाणिक आहे. माणसाला वाटतं, उपग्रहाने फोटो काढलाय, फोटो खोटं बोलत नाही. पण फोनवर दिसतो तो बहुतेकदा फोटो नसतोच.

इन्सॅट-३डीआर हा आपला हवामानाचा उपग्रह २०१६ मध्ये गेला. त्याला ७४ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर ठेवलं. पुण्याचा रेखांश ७३.८५. म्हणजे आपल्याच रेघेवर, सरळ दक्षिणेला. तो ढगांच्या माथ्यावरून येणारी उष्णता मोजतो, ओळीमागून ओळ, आणि पृथ्वीची सगळी थाळी वाचून व्हायला अर्ध्या तासाच्या जवळपास वेळ घेतो. त्याचा उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका चार किलोमीटर लांब-रुंद असतो. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा, सगळ्या पेठा मिळून एक ठिपका. मग आपल्या ॲपवर कोथरूड डेपोला वळसा घालून जाणारी ती रेखीव लाल कड कुठून आली? ती ॲपने काढली. चौकोनी ठिपके डोळ्यांना खुपतात म्हणून संगणक ते घोटून गुळगुळीत करतो.

रंगही संगणकाचाच. लाल म्हणजे जोरदार पाऊस असं आपण धरून चालतो. या चित्रांत लाल म्हणजे ढगाचा माथा फार थंड, उणे साठ-सत्तर अंश, म्हणजेच ढग फार उंच. वरचा पसरट भाग लाल दिसतो आणि त्याच्याखाली कधी थेंबही पडत नाही. उलट घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस बरेचदा ठेंगण्या ढगांतून येतो, त्यांचे माथे फारसे थंड नसतात, त्यामुळे ताम्हिणी धुऊन निघत असताना चित्रात तिथे फिकट करडं काहीतरी दिसतं. लाल होतं तिथे पाऊस नाही आणि पाऊस झाला तिथे लाल नाही, हे पाहून कुणाला 'काहीतरी शिजतंय' असं वाटलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. त्याला रंगपट्टी कुणी समजावलीच नाही.

रडारवर गोल कडी आणि मध्यातून निघालेल्या सरळ शलाका दिसतात, त्यांवर तर मालिकाच निघाल्यात. रडार गोल फिरतं, म्हणून चूक झाली तरी ती गोलच दिसते. शलाका बहुधा वाय-फायच्या. त्याच्या काही लहरी हवामान रडारच्या लहरींच्या पट्ट्यात घुसतात. उपग्रह विषुवदिनाच्या आसपास मध्यरात्री पृथ्वीच्या सावलीत शिरतो, कधी ७२ मिनिटांपर्यंत, त्या सुमाराची चित्रं गाळली जातात किंवा त्यांत प्रकाशाचे डाग उमटतात. की लगेच 'त्या वेळचं चित्र का काढून टाकलं?' म्हणून बोंब. जमिनीच्या नकाशात मुळा-मुठेचं पात्र एका चौकोनात जलपर्णीने हिरवंगार आणि शेजारच्या चौकोनात गढूळ दिसतं, मधे सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. ते दोन वेगळ्या तारखांचे तुकडे जोडलेले असतात. लोहगावहून उडालेलं विमान लाल-हिरव्या-निळ्या तीन भुतांसारखं उमटतं, कारण उपग्रह तीन रंग क्षणाच्या अंतराने टिपतो आणि तेवढ्यात विमान पुढे गेलेलं असतं. आणि काही नकाशांत उपग्रहाचा संबंधच नसतो. १० एप्रिल २०२४ ला वेंटुस्काय नावाच्या नकाशावर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ समुद्रात ऐंशी फुटांच्या लाटांचा अवाढव्य डाग दिसला. समुद्रातून काय वर येतंय यावर जगभर तर्क चालले. मॉडेलमधली चूक आहे असं तो नकाशा दाखवणाऱ्यांनीच जाहीर केलं. समुद्र जागच्या जागी होता.

विमानामागच्या पांढऱ्या पट्ट्यांबद्दल फार लिहीत नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर हवा उणे चाळीसच्या खाली असते, इंजिनातून निघालेल्या वाफेचे तिथे हिमकण होतात. वरची हवा कोरडी असेल तर पट्टा लगेच विरतो, दमट असेल तर तासन्‌तास पसरत राहतो. दमट हवा ही येऊ घातलेल्या पावसाचीही खूण असते. त्यामुळे वेताळ टेकडीवर फिरायला गेलेल्या माणसाला सोमवारी पट्टे दिसतात आणि बुधवारी पाऊस, तेव्हा कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं होतं. कावळा बदनाम.

'पण कट असतात की नाही?' असतात. शनिवारवाड्याच्या गावात हे कुणी कुणाला शिकवायला नको. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा भर वाड्यात खून झाला तो कटच होता. पण त्याचं पुढे काय झालं? रामशास्त्र्यांनी चौकशी केली, माणसं बोलली, गारद्यांची नावं निघाली, राघोबादादांपर्यंत धागा पोहोचला. सत्तेवर बसलेल्या माणसाविरुद्ध, दूरध्वनी नसलेल्या काळात. 'ऑपरेशन पोपाय'चंही तेच: १९७१ मध्ये एका वार्ताहराने वर्तमानपत्रात फोडलं, १९७२ मध्ये मोठी बातमी झाली, पुढे अमेरिकी संसदेपुढे साक्षी झाल्या. खऱ्या कटाला नावं असतात, हुकूम असतात, खर्चाचे कागद असतात, आणि कुणीतरी पोटात न राहून बोलणारा असतो. शिवाय पोपायचा परिणाम बघा. पाच वर्षं जगातल्या सर्वांत श्रीमंत लष्कराने जीव तोडून फवारणी केली, आणि त्या वाटेवरची रसद काही थांबली नाही. कटवाले हे प्रकरण अर्धंच सांगतात.

तरीही शिकलेली माणसं यावर विश्वास का ठेवतात? याचं उत्तर मला १८९७ च्या पुण्यात दिसतं. प्लेग आला, रँडची कमिटी आली, गोरे सोजीर घरात घुसले, देवघरात बूट घालून फिरले, बायकांना रस्त्यावर उभं करून तपासलं. हे खरं होतं. त्याच काळात मुंबई इलाख्यात अशीही वदंता होती की दवाखान्यात नेलेल्या माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातली मोमियाई, म्हणजे औषधी तेल, काढतात. हे खोटं होतं. पण पहिलं सोसलेल्या माणसाला दुसरं पटायला वेळ लागत नव्हता, आणि पटल्यावर तो घरातला आजारी माणूस माळ्यावर लपवत होता, रोग घरभर पसरत होता. टिळकांनी काय केलं पाहा. सोजिरांच्या जुलमावर 'केसरी'तून आसूड ओढले आणि दुसरीकडे लोकांनी दवाखान्याला भिऊ नये म्हणून प्लेगचं हिंदू इस्पितळ काढलं. जुलूम खरा म्हणून मोमियाई खरी, असं त्यांनी म्हटलं नाही, आणि मोमियाई खोटी म्हणून जुलूमही खोटा, असंही नाही.

तशीच साताऱ्याची गोष्ट. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि नेमके त्याच सुमाराला दुष्काळी पावसाळे आले. पाती ढग पळवून लावतात असं गावंच्या गावं म्हणू लागली. २००२ मध्ये देशभरातच पाऊस १९ टक्के कमी झाला होता, जिथे एकही पवनचक्की नव्हती तिथेही. शहरातल्यांनी गावकऱ्यांना हसून घेतलं. पण डोंगरावर बाहेरची कंपनी येते, जमिनी कुणाच्यातरी नावे होतात, वीज भलतीकडे जाते आणि गावाला कुणी काही विचारत नाही, ही जी मूळ तक्रार होती तिला त्या हसण्यात उत्तर नव्हतं. पात्याला दोष देणं सोपं होतं. ते गावातून दिसत होतं.

एकतानगरीतल्या माणसाने २५ जुलैच्या पहाटे काय पाहिलं? झोपेत असताना पाणी तळमजल्यात शिरलं. खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास गेलं होतं. गाड्या बुडाल्या, सैन्याला होड्या घेऊन यावं लागलं, आणि आम्हाला वेळेत कुणी कळवलंच नाही असं रहिवासी तेव्हापासून सांगताहेत. त्याला ज्याने त्याने आपापल्या परीने समजावलं की पाऊसच फार झाला. 'पाऊसच फार झाला' आणि 'पाऊस कुणीतरी पाडला' ही दोन उत्तरं ऐकायला विरुद्ध वाटतात. पण धरणाचा दरवाजा कुणी, किती वाजता, किती उघडला आणि त्याआधी कुणाला फोन केला, हा प्रश्न दोन्हीत सारखाच गाळला जातो. पात्रात भराव कुणी टाकला आणि निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी कुणी दिली, हाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याने माणसं वाहून नेली तेव्हाही ढगाकडे बोट दाखवणं दोन्ही पक्षांना सोयीचं गेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासीही असा की ढगात बसलेला.

ज्याला उपग्रहाचे नकाशे वाचायची हौस आहे त्याने ती जरूर भागवावी. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं मागे सरकवत नेता येतात. आपल्या वॉर्डातला ओढा निवडावा आणि वर्षागणिक त्याची रुंदी पाहावी. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी फुकट मिळतात, दहा मीटरचा ठिपका. नदीपात्रातला भराव त्यात लपत नाही, आणि त्याला बाण ओढायचीही गरज लागत नाही.

आणि ढगांवर संशयच घ्यायचा असेल तर घ्यायला खरे विषय आहेत. पाषाणच्या प्रयोगशाळेतून उद्या पाऊस वाढवायचं तंत्र बाहेर पडलं, तर ते कुणाच्या शिवारावर आधी वापरायचं हे कोण ठरवणार? वाऱ्याच्या पुढच्या तालुक्याने 'आमच्या वाट्याचा पाऊस तुम्ही आधीच उतरवून घेतला' म्हटलं तर ते खरं की खोटं हे कोण आणि कशाने मोजणार? फवारणीच्या दिवशी योगायोगाने गारपीट झाली तर भरपाईचा दावा कुणावर? सोलापूरचे शास्त्रज्ञ न फवारलेल्या ढगांचीही नोंद ठेवत होते म्हणून त्यांच्या अठरा टक्क्यांवर विश्वास बसतो. राज्य सरकारनेही २०१५ आणि २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून विमानं उडवून कृत्रिम पावसाचे कार्यक्रम केले, करदात्यांच्या पैशातून. किती ढग फवारले, किती सोडून दिले, दोन्हींतून किती पाऊस मोजला आणि प्रत्येक मिलिमीटर किती रुपयांना पडला, एवढे चार आकडे माहितीच्या अधिकारात मागायला दहा रुपयांचा अर्ज लागतो.